झाडाची जखम भरत नाही

एप्रिल सरत आला की आमच्या गावात दोन आवाज सुरू होतात. सकाळी आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकल्याचा आणि दुपारी कुणाच्या तरी परड्यात चेनसॉचा. पाऊस तोंडावर आलेला, कौलांवर ओणवलेल्या खांद्या, डोक्यात तौक्ते वादळाची आठवण. सगळ्यांना एकाच वेळी आपापली झाडं आठवतात. अशाच एका मे महिन्यात एक जण आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला, घरामागच्या रायवळ आंब्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, पैशे नको. लाकूड मी व्हरतंय."

फुकटात काम होतंय म्हणून मी हो म्हटलं. त्याने दिवसभरात दोन जाडजूड खांद्या खोडालगत सपाट कापून टेम्पोत भरल्या. कौलांवर आलेली जी खांदी मला काढून हवी होती, ती बारीक होती. ती त्याने मध्येच तोडून हातभर खुंटा ठेवला. पुढच्या चार पावसाळ्यांत सपाट कापांच्या जागी मूठ आत जाईल अशी ढोली झाली, आणि आता दर्यावरून वारा सुटला की मी त्या आंब्याकडे बघते. त्या माणसाला मी फार दोष देत नाही. ज्याची मजुरी लाकडात आहे तो लाकूड असलेली खांदी तोडणार. सौदा मीच चुकीचा केला होता, आणि झाडाच्या आत काय चालतं हे ठाऊक नसल्यामुळे केला होता.

आत काय चालतं

बोटाला कोयता लागला तर काही दिवसांत त्याच जागी नवी कातडी येते. झाडाला हे जमत नाही. एकदा तयार झालेलं लाकूड जिथल्या तिथे राहतं. नवं लाकूड तयार होतं ते सालीच्या आतल्या एका पातळ ओलसर थरातून, जुन्याच्या बाहेरच्या अंगाला. कापलेल्या जागेच्या कडेने काही वर्षांत गोल ओठ फुगून येतात, हळूहळू मिटतात, आणि आपण म्हणतो जखम भरली. आत ती जशी होती तशीच असते, वरून फक्त दार लागलेलं असतं.

मग कुजायला सुरुवात झाली की सगळं झाड का कुजत नाही? खाजणातला बांध आठवा. उधाणाला बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं तर ती जमीन लगेच गोडी होत नाही. शहाणा शेतकरी फुटलेल्या बांधाच्या आत आणखी एक बांध घालतो, पुढचा तुकडा सोडून देतो आणि मागचं भात राखतो. झाड हेच करतं. जखमेजवळच्या पेशी पाण्याच्या नळ्या बुजवतात, बुरशीला सहज न पचणारी द्रव्यं तिथे साठवतात आणि बिघडलेला भाग कोंडून टाकतात. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हे पाहिलं आणि १९७० च्या दशकात त्याची नीट मांडणी केली. त्यांच्या मांडणीत झाड चार बाजूंना चार भिंती घालतं. वर-खालची भिंत सगळ्यांत कच्ची, कारण नळ्या त्याच दिशेने धावतात. म्हणून कूज खोडात उभी लांबवर जाते. आतल्या आणि आजूबाजूच्या भिंती त्याहून बऱ्या. सगळ्यांत पक्की असते ती जखमेनंतर तयार झालेल्या नव्या लाकडाच्या हद्दीवरची. आतून साफ पोकळ झालेली चिंच वर्षानुवर्षं हिरवीगार उभी दिसते, ती या शेवटच्या भिंतीच्या जोरावर.

बांध घालायला माती लागते, तसं भिंती घालायला झाडाला अन्न लागतं, आणि अन्न पानांत तयार होतं. एकाच दिवशी झाडाचे सहा लचके तोडायचे आणि निम्मी पानंही न्यायची, म्हणजे सहा ठिकाणी बांध फोडून गडी निम्मे करण्यासारखं. वर्षाला चौथाईहून जास्त पाला कमी करू नये, असं छाटणीतले जाणकार सांगतात. म्हाताऱ्या झाडाच्या बाबतीत त्याहूनही हात आखडता.

आता खांदी जिथे खोडाला मिळते ती जागा जवळून बघा. पायथ्याशी बांगडीसारखं फुगीर कडं दिसेल आणि वरच्या काखेत सालीची सुरकुतलेली रेघ. हे कडं दिसतं खांदीचं, पण असतं खोडाचं. भिंत घालायची सामग्री त्यातच भरलेली असते. काप घ्यायचा तो कड्याच्या जरा बाहेर, कड्याला धक्का न लावता. आमच्याकडे आलेल्या माणसाने खोडालगत सपाट कापलं, तेव्हा हे कडंच गेलं आणि जखमही दुप्पट रुंद झाली. सपाट काप दिसायला सुबक दिसतो हीच त्याची पंचाईत आहे. बघणारा म्हणतो, वा, काय सफाई!

उलट बाजूची चूक म्हणजे खुंटा. त्याच्या पुढे पानं उरलेली नसतात, तो उपाशी मरतो आणि कुजतो. जोवर तो गळून पडत नाही तोवर ओठ मिटू शकत नाहीत. वाळलेली खांदी काढताना आणखी एक बारकावा आहे. कधी कधी जिवंत कडं सुक्या खांदीवर वीतभर चढत आलेलं असतं. तिथे सुकं तेवढंच कापायचं. जिवंत कडं पुढे आलंय म्हणून ते तासून "लेव्हल" करायचं नाही.

जाड खांदी एका कापात तोडली की ती अर्ध्यावर मोडते आणि खाली जाताना खोडाची साल पट्टीसारखी सोलत नेते. त्यावरचा उपाय तीन कापांचा. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालून वर, खांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली, म्हणजे वजन साल न सोलता निघून जातं. राहिलेला हलका तुकडा तिसऱ्या कापात, कड्याबाहेरून. काम करणाऱ्याला इतकंच विचारा, "खांदी किती कापात काढतोस?" उत्तर ऐकलं की अर्धी परीक्षा झाली.

कापावर काय लावायचं

शेण, डांबर, गेरू, ऑइलपेंट, सगळं लावलेलं मी पाहिलंय. ढोलीत सिमेंट भरलेलंही पाहिलंय. सिमेंटची पद्धत एके काळी जगभर होती, आता जाणकारांनी सोडून दिली. झाड वाऱ्यात डोलतं, सिमेंट डोलत नाही, मधल्या फटीत पाणी साचतं आणि पुढे कुणाच्या चेनसॉची साखळी त्यावर आपटते.

परदेशातले तज्ज्ञ सांगतात की काप बरोबर असेल तर वर काही लावू नका. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण त्यांच्या अंगणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत नाही आणि आंब्याला भिरूडही लागत नाही. आपल्याकडे कापावर बोर्डो पेस्ट लावायची शिफारस असते आणि ती पाळण्यात शहाणपण आहे. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र ढवळायचे. लोखंडी बादली चालत नाही. तयार पेस्टमध्ये चकचकीत सुरी क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. ही पेस्ट जखम भरून आणत नाही, बुरशीला थोडा उशीर करते. तोवर झाड आपली भिंत घालतं.

भिरूड म्हणजे आंब्याच्या खोडातली अळी. एक मोठा, लांब मिशांचा भुंगेरा सालीच्या भेगांत आणि जखमांत अंडी घालतो, अळी आत शिरून लाकूड पोखरते आणि भोकातून भुसा बाहेर लोटते. खोडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर पावसाची वाट बघू नका. भोक शोधून आकड्याच्या तारेने अळी ओढून काढायची, कृषी अधिकाऱ्याला विचारून औषध आत सोडायचं आणि भोक चिखलाने लिंपायचं. काजूच्या बुंध्यातही असाच खोडकिडा लागतो, तिथे भुशाबरोबर डिंकही वाहतो.

बांडगुळाचा प्रकार निराळा. त्याचं चिकट बी पक्ष्यांमुळे खांदीवर चिकटतं, मुळं लाकडात घुसतात आणि फुकटचं पाणी पितात. नुसता वरचा झुबका ओरबाडला तर ते पुन्हा फुटतं. जिथे चिकटलंय त्याच्या खालून, थोड्या निरोगी लाकडासकट खांदी काढावी लागते, तीही त्याला फळं धरायच्या आधी.

माडाचं गणित वेगळं

वर सांगितलेलं काहीही माडाला आणि पोफळीला लागू नाही. माडाच्या खोडात सालीखालचा तो ओला थरच नसतो, त्यामुळे खोड वर्षागणिक जाड होत नाही आणि ओठही येत नाहीत. चढायला खोडात खाचा पाडल्या तर त्या जन्मभर राहतात, त्यात पाणी साचतं. आणि माडाचा जीव एकाच कोंबात असतो. तो गेला की पुन्हा फुटायला बाजूला डोळा नाही.

निरोगी माडाला महिन्याला साधारण एक चुडत, म्हणजे झावळी, येतं, आणि प्रत्येक चुडताच्या काखेत फुलोऱ्याची एक पोय. म्हणजे पुढच्या वर्षाचे नारळ आजच्या हिरव्या चुडतांच्या हिशोबात आहेत. खालच्या चुडतांवर वरचे घड टेकलेले असतात, ती काढली तर घड लटकून देठात मोडतात. आमच्याकडे माडावर चढून नारळ पाडायला येणारे म्हातारे पाडेली हे एका वाक्यात सांगायचे: "हिरवां चुडात काढलंस तर माड उपाशी रवतलो." तरी दर मे महिन्यात कुणी तरी माडाची वेणी घालावी तशी चार चुडतं शेंड्याला ठेवून बाकी साफ करून जातं. सफाई म्हणे.

छपरावर येतंय म्हणून हिरवं चुडत काढणं भागच असेल, तर खोडाशी कापू नका, देठ साधारण चार फूट ठेवा. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. ठेवलेल्या देठाच्या टोकाला त्याने अंडी घातली तरी अळी खोडापर्यंत पोचायच्या आत देठ वाळून जातो. गेंड्या भुंगा याचा थोरला भाऊ. नवीन चुडतं कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी फाटलेली दिसली तर समजावं की कोंब न उघडलेला असताना त्याने आत भोक पाडलं होतं. हा शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजणाऱ्या माडाच्या ओंडक्यात वाढतो. त्यामुळे वादळात पडलेला माड परड्यात वर्षभर लोळत ठेवणं म्हणजे उभ्या माडांसाठी भुंग्यांचा पाळणा बांधणं.

पोफळीबद्दल एकच, कारण ते कुणी सांगत नाही. आगरातला मोठा फणस किंवा आंबा तोडला की त्याच्या सावलीत वाढलेल्या पोफळींच्या खोडावर दुपारनंतरचं ऊन थेट येतं. साल भाजते, चिरते आणि दोन-तीन वर्षांनी पोफळ त्याच जागी मोडते. सावलीचं झाड काढायचंच असेल तर शेजारच्या पोफळींना नैर्ऋत्येच्या अंगाने वाळकी चुडतं किंवा पोफळीच्याच पानांच्या रुंद विऱ्या बांधून घ्या.

बोडकं केलं की वादळात वाचतं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ ला, तौक्ते आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेला गेलं. तेव्हापासून झाडाचा शेंडा उडवून त्याला "सुरक्षित" करून घ्यायची साथच आली आहे.

पहिलं वर्ष ते खरंही वाटतं. नंतर कापलेल्या जागेभोवती डझनभर सरळसोट फुटवे येतात. ते आतल्या लाकडातून आलेले नसतात, सालीलगतच्या डोळ्यांतून फुटलेले असतात, म्हणजे नुसते चिकटवल्यासारखे. झाड उपाशी असल्यामुळे ते झपाट्याने वाढतात आणि तीन-चार वर्षांत पूर्वीच्या उंचीला पोचतात. खाली कापाची जागा कुजत असते, वर तिच्यावर वीस-पंचवीस फुटांच्या काठ्या उभ्या असतात. उघड्या पडलेल्या जाड खांद्यांची साल उन्हाने भाजते ती वेगळीच. जुनी हापूस कलमं पुनरुज्जीवनासाठी खाली आणतात, ते काम निराळं. त्यात पुढची दोन-तीन वर्षं फुटव्यांची विरळणी ठरलेली असते. ती जबाबदारी कुणी घेणार नसेल तर त्याचं नाव फक्त मुंडण.

वाऱ्यासाठी करायचं असतं ते विरळणी आणि टोकं आखूड करणं. एकमेकींना घासणाऱ्या, मेलेल्या, आत वळलेल्या खांद्या काढायच्या. लांब गेलेली खांदी कमी करायची असेल तर मध्येच न तोडता, तिच्यातून निघालेल्या एखाद्या दमदार उपखांदीपर्यंत मागे यायचं, म्हणजे ती उपखांदी टोकाचं काम हातात घेते. आतल्या खांद्यांची पानं ओरबाडून फक्त टोकाला झुबके ठेवणं हे सगळ्यांत वाईट, कारण वजन आणि वारा दोन्ही टोकाला जातात.

आणि काही झाडांची जातच तशी. शेवगा, पांगारा, जांभूळ मोडतात, गुलमोहर मुळासकट उलटतो. घराच्या वाऱ्याच्या बाजूला यांतलं काही असेल तर ते आधी तपासा, आंबा नंतर.

तपासायचं म्हणजे काय? पहिल्या सरीनंतर बुंध्याभोवती फिरा. झुकावाच्या विरुद्ध अंगाला माती उचलली आहे का, भेग पडली आहे का. ते दिसलं तर त्याच दिवशी माणूस बोलवा. बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी आली असेल तर मूळ किंवा बुंधा आतून कुजतोय. दोन जाड खांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अरुंद कोनात असतील आणि मध्ये साल दबलेली असेल तर तो सांधा कच्चा आहे. लाकडी हातोड्याने खोड वाजवून बघा, फणस पिकलाय का बघतो तसं. पोकळ आवाज आला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. बांबू पोकळच असतो. ढोबळ ठोकताळा असा, की बाहेरची निरोगी भिंत खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड असेल आणि तिला मोठं भगदाड नसेल तर झाड बऱ्यापैकी भक्कम असतं.

मुळं

आमच्या कातळावर माती वीत-दोन वीत, त्यामुळे मुळं खोल जात नाहीत, पसरतात. एरवीही झाडाची अन्न-पाणी शोषणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पानांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. सेप्टिक टँकसाठी किंवा पाइपसाठी बुंध्यापासून चार फुटांवर चर खणला, की एका बाजूचे नांगरच कापले गेले. झाड दोन वर्षं हिरवं राहतं आणि तिसऱ्या पावसात पडतं, तेव्हा तो चर कुणाला आठवत नाही. बुंध्यावर मातीचा भराव, खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक, आवळून बांधलेला चिऱ्याचा पार, ही त्याच रोगाची भावंडं. वाळक्या पानांचा पातेरा आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर लांब. आणि झाडाखाली पातेरा पेटवू नका. धग सालीतून त्या पातळ थरापर्यंत पोचते आणि त्या बाजूचं खोड मरतं.

कोणाला बोलवायचं

परदेशात याला "ट्री सर्जन" किंवा "आर्बोरिस्ट" म्हणतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ पासूनची संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. असे प्रमाणित लोक आपल्याकडे मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत. गावात आपल्या वाट्याला चार प्रकारची माणसं येतात.

पाडेली माडावर चढण्यात वाकबगार. माडाचं काम त्यालाच द्यावं, आंब्याचं देऊ नये, कारण त्याची नजर चुडतावर बसलेली असते. पाडेली मिळेनासे झाल्यावर नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात तरुणांना यंत्राने माडावर चढायला शिकवण्याचा "फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री" हा कार्यक्रम सुरू केला. असं पायात अडकवायचं यंत्र आता आपल्या बाजारातही मिळतं. त्याने खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत, म्हणून मला तरी ते आवडतं. दुसरा बागेतला गडी. आंबे झेल्याने उतरवणारा, कलमांची खांदी अन् खांदी ओळखणारा. तिसरी चेनसॉवाली टोळी, जी रस्त्याची कामं घेते. ताकद भरपूर, घाई त्याहून जास्त. चौथा लाकडाचा व्यापारी.

माझी पसंती दुसऱ्याला, आणि त्याच्या जोडीला दोरीचं काम जाणणारा एक जण. लहान आणि मध्यम झाडं ते उत्तम करतात. घरावर झुकलेलं, पोकळ झालेलं किंवा पन्नास फुटांच्या वरचं झाड मात्र त्यांच्या गळ्यात घालू नये. तिथे क्रेन किंवा शिडीची गाडी असलेला शोधा, शहरातून आणावा लागला तरी.

बोलणं करताना त्याला झाडाखाली उभं करून कुठल्या खांद्या आणि का, हे बोटाने दाखवायला सांगा. "बघतो चढल्यावर" म्हणणाऱ्याला चहा देऊन पाठवा. ठरलेल्या खांद्यांना चुन्याचा पट्टा मारा आणि फोटो काढून ठेवा. खांदी दोरीने उतरवणार की सोडून देणार, ते विचारा. कौलांवर किंवा गडग्यावर पडली तर भरून कोण देणार, हे आधी बोला, मागाहून भांडण होतं. वर चढणाऱ्याला कमरेचा पट्टा आणि दुसरी दोरी, खाली उभा राहणाऱ्याला हेल्मेट. चेनसॉ घेऊन शिडीवर उभं राहणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको. पायाला काटेरी लोखंडी आकडे बांधून जिवंत झाडावर चढणाराही नको, प्रत्येक पावलाला तो एक जखम करतो. तोडून टाकायच्या झाडावर चालेल. त्याचा अपघात विमा आहे का, हेही विचारायला लाजू नका. बहुतेकांचा नसतो, आणि पडला तर त्याचं घर उघडं पडतं.

विजेची तार जवळ असेल तर महावितरणच्या शाखेत अर्ज देऊन पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका. हिरवी खांदी आणि ओली दोरी दोन्हींतून वीज वाहते. "तार लांब आहे" हे खाली उभं राहून वाटतं, तुटलेली खांदी मात्र झोका घेत जाते.

आता पैसे. रोजावर दिलं तर काम रेंगाळतं, उक्तं दिलं तर घाईत होतं. मी उक्तं देते, पण खुणा केलेल्या खांद्यांचं, आणि दराचा लाकडाशी संबंध ठेवत नाही. लाकूड माझं. मग त्यातलं जळण त्याला द्यायचं असेल तर काम संपल्यावर खुशीने द्यावं. लाकडावर सौदा झाला की जाड, सरळ, निरोगी खांदी जाते आणि वाकडी, कुजकी, कौलांवरची राहते. नेमकं उलट व्हायला हवं असतं.

वेळ साधायची तर धोक्याचं काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. मे महिन्यात सगळे एकाच माणसाला फोन करत असतात आणि तो ज्याच्याकडे लाकूड जास्त त्याच्याकडे आधी जातो. आंब्याची नेहमीची हलकी छाटणी फळं उतरल्यावर लगेच, म्हणजे नव्या पालवीला मोहोरापर्यंत पिकायला वेळ मिळतो. फणसाच्या खोडावरचे आखूड, गाठाळ फुटवे कचरा समजून खरवडू नका, फणस तिथेच धरतात.

कागद

झाड आपल्या परड्यातलं असलं तरी तोडायला मुभा आहेच असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, चंदन ही आपल्या दारातली झाडं आहेत. खाडीकाठची कांदळवनंही त्यात आहेत आणि त्यांना तर हात लावायचाच नाही. माड, पोफळ, काजू या यादीत नाहीत. अनुसूचीतलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गावात वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा, आणि मोठी छाटणी असेल तरी आधी विचारा. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा शहरी भागातला झाडांचा कायदा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवर बंदी आली, त्यामुळे तिथल्या लोकांनी कुणाच्या तोंडी "काय होत नाही" वर विसंबू नये. तोडलेलं लाकूड गाडीत घालून नेण्याच्या परवान्याचीही त्याच कार्यालयात चौकशी करा. टेम्पो रस्त्यात अडला की व्यापारी नाव मालकाचं सांगतो.

गेल्या वर्षी त्याच रायवळाला पुन्हा हात लावायची वेळ आली. या वेळी बागेतला एक गडी आणि त्याचा भाचा, दोघे आले. आल्या आल्या वर चढले नाहीत. खोड वाजवलं, ढोलीत काठी घालून खोली बघितली, मी ठेवायला सांगितलेल्या एका खांदीवर बोट दाखवून "ही बघा वयनी, काखेत साल दबली हा" म्हणाले आणि मी काढायला सांगितलेली दुसरी राहू दिली. तीन खांद्या हलक्या केल्या, तो जुना हातभर खुंटा कड्याबाहेरून काढला आणि पेस्ट लावली. खाली पडलेला ढीग माझ्या कमरेएवढासुद्धा नव्हता. ठरलेले पैसे मी त्यांच्या हातात दिले, तेव्हा गडग्यापलीकडून शेजारच्या काकी बघत होत्या.

"एवढ्याश्या खांद्यांक एवढे पैशे?"